आप्पांचं तेल

परवा आमच्या मशीनचे ब्लॉक पुन्हा बदलले. ते काम करताना जे मनात आलं ते लिहून ठेवते. मला बोलायला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यावर लिहिता मात्र येतं.

आमचं दुकान अनगोळात, घराला लागूनच पत्र्याची शेड. तिथं सीएनसी मशीन आहे. खाली लाकडाची फळी आवळून बसवायची, कॉम्प्युटरात नक्षी द्यायची, की वरचं पातं फिरत फिरत ती नक्षी कोरत जातं. देव्हाऱ्याच्या जाळ्या, दारांची फुलं, हेच आमचं काम. मशीनच्या दोन्ही अंगांना पोलादी रेल आहेत आणि त्यांवरून घसरणारे मुठीएवढे ठोकळे, त्यांनाच ब्लॉक म्हणतात. त्यांच्या पोटात बारीक छर्रे असतात. ब्लॉक झिजले की मशीन डुलतं.

पहिल्यांदा झिजले तेव्हा आप्पा होते. आप्पा म्हणजे माझे वडील. खासबागेत त्यांचे चार माग होते. मी त्या मागांच्या आवाजातच वाढले. घरात सगळे मोठ्यानं बोलायचे, मी एकटी गप्प. सकाळी माग चालू करायच्या आधी आप्पा लांब चोचीची झारी घेऊन प्रत्येक सांध्याला तेल द्यायचे. तोवर चहासुद्धा घेत नसत. पुढे धंदा बसला, माग भंगारात गेले, शेड भाड्यानं दिली. आप्पांनी झारी तेवढी ठेवून घेतली.

मग ते दर मंगळवारी आमच्याकडे यायला लागले. पिशवीत झारी, तिच्या चोचीला चिंधी गुंडाळलेली. एकदा बसमध्ये कंडक्टर म्हणाला होता, "आजोबा, तेलाचं वेगळं तिकीट काढा." आप्पा ते सगळ्यांना हसून सांगायचे. आले की चपला काढून शेडात जायचे, मशीनभोवती एक चक्कर मारायची, आणि रेलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल. मालक, म्हणजे माझे यजमान, त्या वेळी मशीन बंद ठेवायचे. मग आप्पा हात पुसत म्हणायचे, "आता चालवा, पाव्हणं." मालक चालू करायचे. आप्पा कान देऊन ऐकायचे आणि मान डोलवायचे. तेवढं झालं की चहा.

असं बरेच दिवस चाललं. मग एका गिऱ्हाइकानं जाळी परत आणली. जाळीच्या मधोमध चक्र होतं.

"अण्णा, हे चक्र हाय का अंडं?" तो म्हणाला.

मी आतल्या दारातून बघितलं. खरंच अंडं होतं. मालकांनी मशीनला हात लावून हलवलं तर दातासारखं हललं. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो दरवेळी कानडीत "नाळे बर्तेनी" म्हणायचा, म्हणजे उद्या येतो. त्याचा उद्या काही उजाडला नाही. शेवटी मालकांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, नवे ब्लॉक मागवले आणि म्हणाले, "आपणच बदलू. तू धरायला ये."

तो मंगळवार होता. आप्पाही आले.

बोल्ट सैल केले, वरचा लोखंडी आडवा भाग लाकडी ठोकळ्यांवर तोलून धरला, आणि मालकांनी जुना ब्लॉक रेलवरून ओढून काढला. तो निघाला तसे आतले छर्रे फरशीवर सांडले. त्यांच्याबरोबर काळा, चिकट लगदा बाहेर आला. मालकांनी तो बोटांवर घेतला, चोळला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

मला कळलं. मागाला तेल लागतं, पण लाकडाचा भुसा पिठासारखा बारीक असतो. तो तेलाला चिकटला होता, त्याचा लगदा ब्लॉकच्या पोटात जाऊन बसला होता आणि त्यानंच छर्रे खाल्ले होते.

आप्पा गुडघ्यावर बसून स्टीलच्या ताटलीत छर्रे गोळा करत होते. एक छर्रा त्यांनी डोळ्यांजवळ धरला.

"पाव्हणं, तेल कमी पडलं बघा. मी मंगळवारी तेवढा येतो. मधी कोण देतच न्हाय."

मी मालकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मालक रागीट नव्हेत, पण ती जाळी परत आली होती आणि आणखी दोन कामं अडकली होती.

"व्हय मामा," मालक म्हणाले. "आमचं लक्ष न्हाय ऱ्हायलं."

नवा ब्लॉक प्लॅस्टिकच्या पट्टीवर चढवलेला येतो. ती पट्टी रेलच्या टोकाला नीट भिडवून धरायची आणि ब्लॉक तिच्यावरून रेलवर सरकवायचा. जरा फट राहिली तर छर्रे बाहेर. मी पट्टी धरली, मालकांनी सरकवला. ब्लॉक लोण्यासारखा गेला. आप्पा म्हणाले, "हात हालत न्हाय हिचा. माझी लेक हाय." मला खूप लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

आप्पा गेल्यावर मालक म्हणाले, "आता त्यास्नी सांगायला पायजे. तू लेक हाईस, तू सांग."

"मला न्हाय जमायचं."

"मग मी सांगू? जावयानं सासऱ्याला म्हणायचं, मशीनला हात लावू नका? बरं दिसंल व्हय?"

सांगितलं असतं तर आप्पा रागावले नसते. बरं म्हणाले असते आणि झारी घरी ठेवली असती. मग मंगळवारी आले असते तरी आमच्या घरी पाहुण्यासारखे खुर्चीत बसले असते. मला ते बघवलं नसतं. आणि सांगितलं नाही तर नवे ब्लॉकही तसेच जाणार होते.

पुढच्या मंगळवारी आप्पांनी तेल दिलं, चहा घेतला आणि निघाले. ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी फडकं घेतलं आणि रेल पुसायला बसले. वरून, बाजूंनी, खालच्या खाचेतून. मागं सावली पडली. आप्पा दारात उभे होते. पिशवी विसरले होते.

मी फडकं पाठीमागं धरलं. लहान मुलीसारखं.

आप्पांनी फडक्याकडं बघितलं, रेलकडं बघितलं. मग पिशवी उचलत म्हणाले, "तुझी आई बी माझ्या मागनं अशीच फिरायची. मागावरच्या साडीवर तेलाचा डाग पडंल म्हणून. मी द्यायचं आन् तिनं पुसायचं." दाराकडं वळत म्हणाले, "मला वाटायचं, तिला तेलाचं काय कळत न्हाय."

आणि गेले.

पुढच्या मंगळवारी ते येतील की नाही याची मला धास्ती होती. दुपारी पिशवी घेऊन आले. चपला काढल्या, चक्कर मारली, तेल दिलं. पण त्या दिवशी हात थोडा आखडता होता. मग खुंटीवरचं फडकं काढून माझ्यापुढं धरलं.

"घे आक्का. पूस."

त्यानंतर तसंच चालत राहिलं. ते पुढं, मी मागं. फार बोलायचो नाही. कधी खासबागेतल्या कुणाचं लग्न, कधी आईची एखादी गोष्ट. आई मला आठवते ती आजारी असतानाची. फडकं घेऊन फिरणारी आई मला आप्पांनी त्या रेलच्या कडेनं चालता चालता दिली.

आप्पांना जाऊन आता बरेच दिवस झाले. झारी खुंटीला आहे. मालक पंपानं ग्रीस मारतात, तसंच मारायचं असतं.

परवा पट्टी मीच धरली. जुने ब्लॉक काढले तेव्हा आत लगदा नव्हता. छर्रे स्वच्छ होते, नुसते बारीक झालेले.

"वयानं झिजलेत," मालक म्हणाले. "दुसरं काय न्हाय."

मी तरी एक छर्रा बोटावर घेऊन वास घेतला. कसलाच वास नव्हता. मला रडू आलं. मी भुशाचं निमित्त करून डोळे पुसले.

नवे ब्लॉक बसले. मालकांनी एका फळीवर गोल काढून बघितला, बरोबर आला. मग त्यांनी काय करावं? खुंटीवरची झारी काढली, हलवून बघितली. तळाशी थोडं होतं. चोच खाली करून रेलवर एक थेंब सोडला आणि फडकं माझ्यापुढं धरलं.

मी घेतलं आणि रेल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली.