आत्यांचं कुंकू मी पुसत नाही

माझ्या सासूबाई एका दिवसात चार वेळा विधवा झाल्या. चारही वेळा मीच त्यांना ते सांगितलं.

सासऱ्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, डिमेन्शिया आहे हे डॉक्टरांनी सांगून वर्ष. सकाळी त्यांनी विचारलं, "ह्ये कुठं गेलं?" मी खरं ते सांगितलं. चाकणला कंपनीत क्वालिटी तपासायचं काम करते; माल खराब असेल तर खराब म्हणायची सवय आहे. आत्यांनी ऊर बडवून घेतला. तासाभरानं शांत झाल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "ह्ये कुठं गेलं?" संध्याकाळपर्यंत चारदा हेच. प्रत्येक वेळी ऐकणं पहिलंच, रडणंही पहिलंच. पाचव्यांदा मी म्हटलं, "दारं धरायला गेलेत."

सासऱ्यांनी जन्मभर तेच केलं होतं. पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत उसाला द्यायचं. रहाटणीतलं ते रान आता नाही. तिथं आमची बिल्डिंग आहे आणि पाट होता तिथं गाड्या लागतात. आत्यांनी एवढंच विचारलं, "भाकरी धाडली का?"

"धाडली."

"कांदा दिलास?"

"दिला." त्या उठून भाजी निवडायला बसल्या.

मग कुंकू आलं. नवरा रानात गेलाय तर बाईचं कपाळ मोकळं कसं? आत्यांनी बाथरूमच्या आरशावर चिकटवलेली माझी टिकली काढून लावली. ती पडली, मग दुसरी. तिसऱ्या दिवशी मी देवघरातली कुंकवाची डबीच हातात दिली. नवऱ्याला त्याच्या बहिणीची धास्ती. म्हणाला, "ताईला कळलं तर?" म्हटलं, "कळू दे."

एक सांगते. माणूस समोर जेवत असताना त्याच्यासाठी रडायची सोय आपल्याकडे नाही. सुतक नाही, शेजारणी पिठलं-भात घेऊन येत नाहीत, कंपनी रजा देत नाही. उलट लोक म्हणतात, आहेत ना अजून, नशीब समजा. माझ्याशी वीस वर्षं मिठापासून मुलांच्या शाळेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर भांडलेली बाई गेली आहे. मी काहीही केलं तरी आत्या आता "बरं" म्हणतात. ते "बरं" मला सोसत नाही.

नणंदेच्या मुलीचा साखरपुडा थेरगावातल्या कार्यालयात होता. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"वहिनी, उद्या आईला कपाळ पुसून आण. व्याह्यांकडची माणसं असणार."

"ते काय कपाळ बघायला येणार आहेत?"

"आबा गेलेत हे सगळ्या गावाला माहितीये!"

"गावाला माहितीये, ताई. आत्यांना नाही."

"मग सांग की तिला."

"तुम्ही सांगा. माझं चारदा सांगून झालंय."

मी आत्यांना जरीकाठाची नऊवारी नेसवली आणि कुंकवासकट नेलं. दारात दोन मुली हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत्यांनाही बोट लावलं. आत्या खूश. तेवढ्यात नणंद ओला रुमाल घेऊन आली आणि आईला हाताला धरून नवरीच्या खोलीत घेऊन गेली. मी पाठोपाठ पोचेपर्यंत कपाळ पुसून झालं होतं. नणंद हळू आवाजात म्हणत होती, "आई, असं करू नये गं. आबा गेलेत ना आपले."

आत्या अशा ओरडल्या की बाहेर सनईची रेकॉर्ड कुणीतरी बंद केली. आत्या खाली बसल्या, कपाळ भिंतीवर आपटायला लागल्या. मी मधे हात घातला. नणंद रुमाल धरून तशीच उभी.

"दर वेळी असं होतं?"

"दर वेळी."

"मला आधी का नाही बोललीस?"

"काल बोलले. तुमचं लक्ष कपाळाकडं होतं."

ती भिंतीला टेकून रडली. तिचा बाप तिच्यासाठीही पुन्हा गेला होता, मला ते दिसत होतं. पण मी समजूत काढली नाही. माझे दोन्ही हात आत्यांना धरण्यात गुंतले होते.

अर्ध्या तासानं आत्या निवल्या. मी बाहेरून ताट आणलं आणि खोलीत जमलेल्या सगळ्यांसमोर त्यांना कुंकू लावलं. चुलतसासूबाई म्हणाल्या, "अगं, शुभकार्यात अपशकुन!"

"अपशकुन असेल तर तो माझ्या माथी," म्हटलं. "मघाशी ओरडल्या तो काय शकुन होता?"

हळदीकुंकू लावलं की समोरच्या बाईलाही लावायचं, हे आत्यांच्या बोटांना अजून आठवतं. त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं आणि निरखून पाहिलं.

"कुनाची गं तू?"

"रहाटणीची."

"मग माज्या सुनंला वळखत आसशील. लई तोंडाळ हाय. पन भाकरी चांगली थापती."

"ओळखते की," म्हटलं. वीस वर्षांत भाकरीचं कौतुक त्यांनी माझ्या तोंडावर कधी केलं नव्हतं. मग मी त्यांना जेवायला बसवलं, कारण पंगत सुरू झाली होती.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. चुलतसासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. आत्या कुंकू लावून येणार आहेत आणि पुढच्या रांगेत बसणार आहेत. ज्यांना बघवत नाही त्यांनी नवरानवरीकडं बघावं.