उलटं फिरणारं चाक

लग्न होऊन कोल्हापुरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात कुंभाराच्या घरातली रीत सांगितली. माती चाळायची, भिजवायची, तुडवायची, मडकी उन्हात मांडायची, भट्टी लावायला हात द्यायचा. फक्त चाकाला बाईनं शिवायचं नाही. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे ढोरमेहनत आमची आणि मडकं घडवल्याचा मान पुरुषांचा. मला राग आला, पण नवी नवरी होते, गप्प बसले. गप्प बसणं मला आयुष्यात फार थोड्या वेळा जमलं आहे.

नव्वदच्या दशकात घरोघरी फ्रिज आले आणि आमच्या माठांना गिऱ्हाईक उरेना. मग मी शिरोली एमआयडीसीतल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात लागले. काम काय, तर साच्यातून निघालेल्या कपांना कान चिकटवायचे. दिवसभर कान. घरी नवऱ्याकडे बघितलं तरी ह्याचा डावा कान जरा तिरका बसलाय, असं मनात यायचं.

त्याच खोलीत कोपऱ्यात विजेवरचं एक चाक होतं. लोणच्याच्या मोठ्या बरण्या त्याच्यावर हातानं घडवत. चाकावरचा कारागीर गावी गेला तो परत आलाच नाही. मग जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे उघडायच्या आणि मी चाकाशी बसायची. पहिल्या महिन्यात जे काही तयार झालं, त्याला भांडं म्हणणं धाडसाचं होईल. पण हळूहळू माती माझं ऐकायला लागली. दुसऱ्या कशातच मला इतकं सुख मिळत नव्हतं. घरी मात्र हूं की चूं केलं नाही.

एके दिवशी कारखान्याचे साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत कारागीर मिळाला नाही तर हे चाक काढून टाकतो. मला ‘मीच बसते’ असं म्हणायचं होतं आणि तोंडातून निघालं, आमच्या मामंजींना आणू का? स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या गल्लीतले नावाजलेले कारागीर. शनिवारी ते धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून, जावयाच्या थाटात कारखान्यात आले. स्टूल बाजूला सारलं आणि चाक फिरवायचं दांडकं शोधायला लागले. चाक बटणावर फिरतं म्हटल्यावर हसले. मातीचा गोळा ठेवला, हात लावला, आणि गोळा थेट साहेबांच्या शर्टावर.

दुसरा भिंतीवर गेला. तिसऱ्याच्या वेळी साहेब दाराशी जाऊन उभे राहिले. मामंजींनी हात थांबवून चाकाकडे निरखून बघितलं.

"पावणं, तुमचं ह्ये चाक उलटं फिरतंय की."

खरंच होतं. आमचं घरचं चाक घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं, हे त्याच्या विरुद्ध. घरी चाकापाशी माती ठेवून मागं फिरायची सवय, त्यामुळे घरचं चाक कुठल्या बाजूला फिरतं ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मामंजींनी चाक सुलटं करून मागितलं. साहेब म्हणाले, मोटर एकाच बाजूला फिरते. तेव्हा मामंजी उठून चाकाच्या पलीकडे जाऊन बसले. तिकडूनही ते उलटंच फिरत होतं.

शेवटी ते खाली मान घालून हात पुसायला लागले. मला भडभडून आलं. पण साहेबांनी चाक सोडवायला वायरमनला हाक मारली, तेव्हा मला राहवेना.

"साहेब, मी बसते."

मामंजींकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मातीकडे बघितलं. माझ्या हाताला सुलटं ठाऊकच नव्हतं, मग उलट्याची अडचण कसली? बरणी उभी राहिली.

मामंजी जवळ आले, बरणीभोवती एक फेरी मारली, आत दोन बोटं घातली.

"बुडाला माती जास्त ऱ्हायलीया. वाळताना तडकंल. पुन्यांदा कर."

तीनदा करायला लावली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, चालंल. चाकाचं काम मला मिळालं.

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना ऐकवलं, की ते चाक नव्हेच, ते मशीन. उलटं फिरतंय, त्याला बाईनं शिवलं तरी काही बिघडत नाही. रीतही शाबूत राहिली. पुरुषांना असले रस्ते बरे सापडतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मामंजी बाहेर कट्ट्यावर गेले, तशा त्या माझ्याजवळ सरकल्या. त्या घरात त्यांनी चाळीस वर्षं माती तुडवून दिली होती.

"माती वर येती, तवा हाताला कसं लागतंय गं?"

मी म्हटलं, रविवारी कारखाना बंद असतो, पण वॉचमन माझ्या ओळखीचा आहे. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि विचारलं, लुगडं कुठलं नेसू?