पट्ट्यांवरची निळी स्कूटर

मी सिग्नलला थांबायचो, पण झेब्रा पट्ट्यांवर. चूक कळत होती, तरी सगळ्यांच्या आधी सुटायची घाई असायची.

बालवाडीच्या बाईंनी मुलांना काळ्या कागदावर रस्ता रंगवायला दिला होता. माझ्या पाच वर्षांच्या मीराने पट्ट्यांवर आमची निळी स्कूटर काढली आणि तिला वळसा घालून गाड्यांमध्ये शिरलेली, सिग्नलवर आम्हाला रोज दिसणारी काठीवाली आजी.

"आजी तिकडे का गं?" बाईंनी विचारलं.

"पट्ट्यांवर बाबा आहे ना!"

मीराला न्यायला आलेला मी दारातच उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीराला पांढरा खडू देत म्हणाल्या, "मग आजीला वाट करून दे बरं." जीभ बाहेर काढून मीराने स्कूटरपुढे नवे पट्टे ओढले.

नियम पोलिसांसाठी पाळायचे असतात, असंच मी आजवर समजत आलो. बाई मात्र मुलांना रंगवता रंगवता रस्त्यावरचं माणूस दाखवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी रेषेमागे थांबलो. काठीवाल्या आजी पट्ट्यांवर थबकल्या. "आज मागे कसा रे?"

मी हेल्मेट काढलं. "आजी, रोज तुमची वाट अडवत होतो. माझं चुकलं."