आई झाली का?

गजराबाईचा डोळा लागतोय, पण सुई काही हातातून सुटत नाही. चैत्रातली दुपार आहे, पत्रा तापलाय आणि टेबलफॅन वारा कमी, कुरकुर जास्त करतोय. अर्ध्या खोलीत वाकळ पसरलीय. शहरात तिला गोधडी म्हणतात, म्हणोत बापडे. कडेला नात झोपलीय, पाच वर्षांची ईश्वरी. झोपताना तिनं रोजचा प्रश्न विचारलाय, "आज्जी, आई झाली का?"

"न्हाई बाळा. आजून वीतभर हाय."

वाकळीला आई म्हणायला पोरीला कुणी शिकवलं नाही. तीन वर्षांपूर्वी गजराबाईची लेक वैजू तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली, तेव्हापासून ही नात म्हसवडला आजीजवळ आहे. गजराबाईनं लेकीची ट्रंक उघडली, शाळेच्या निळ्या स्कर्टापासून हळदीच्या पिवळ्या साडीपर्यंत सगळ्याची ठिगळं केली आणि नातीला सांगितलं, ही तुझ्या आईची वाकळ. पोरीनं 'आई' तेवढी ठेवली, बाकीचे शब्द गाळून टाकले.

जावई अमरजितराव माणूस भला. "वाकळ झाली की ईशूला न्यायला येतो, जूनला शाळेत घालायचीय," एवढंच म्हणाले. मग काय, संक्रांतीपासून वाकळ वीतभर राहिलीय ती राहिलीच आहे. कधी दोरा संपतो, कधी डोळे दुखतात, कधी सुईच सापडत नाही. उभ्या जन्मात खोटं न बोललेली बाई या वयात इतकी तरबेज होईल, असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

वाकळ कडेनं आत शिवत आणतात. मधोमध शेवटची फट उरली की गजराबाईच्या घरात वाकळीला घास भरवायची रीत आहे. गुळाच्या पोळीचा तुकडा फटीत सारायचा आणि वरून टाका घालायचा. वाकळीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारं लेकरू उपाशी झोपत नाही म्हणतात. आज सकाळीही तिनं तळहाताएवढी पोळी केली, ताटलीत ठेवली, वर वाटी उपडी घातली. अशा चार पोळ्या याआधी झाल्यात. चारही शेवटी शेळीनं खाल्ल्या.

"आये, सरक की जरा."

गजराबाई सरकते. समोरच्या कडेला वैजू मांडी घालून बसते. केस ओले आहेत, आत्ताच न्हाल्यासारखे. हसली की पुढच्या दाताचा तुटका कोपरा दिसतो, लहानपणी हौदावर आपटून तुटलेला. गजराबाईला नवल वाटत नाही. लेक दुपारची माहेरी आली, त्यात कसलं नवल.

"जेवलीस का गं?"

"तू वाढल्याबिगर कुठं जेवतीय," वैजू म्हणते आणि बोटांनी ठिगळं चाचपते. "ह्यो माझा स्कर्ट. ही डोहाळजेवणाची हिरवी. आगं, ही कशाला फाडलीस? दोनदाच नेसली हुती."

"मग उंदरांसाठी ठेवू?"

दोघी हसतात. वाकळ आता एसटी स्टँडवर पसरलीय. माणसं पिशव्या घेऊन कडेकडेनं जातात, तिच्यावर पाय कुणी देत नाही. गाडी लागलीय आणि तिची पाटी कोरी आहे. वैजूच्या मांडीवर पहिल्या दिवाळीला आणलेली बॅग आहे.

"बस गं अजून. फुडच्या गाडीनं जा."

"दर टायमाला ह्येच म्हणतीस," वैजू म्हणते. "किती ऱ्हायलंय?"

"वीतभर."

"संक्रांतीलाबी वीतभरच हुतं."

गजराबाई मान खाली घालते आणि सुईत दोरा ओवत बसते. दोरा कधीचा ओवलेला आहे.

बोळ लांबलचक आहे, दवाखान्याचा. वाकळ त्याच्या टोकापर्यंत गेलीय, दोन्ही बाजूंना खाटा आहेत, खाटांवर कुणी नाही. फिनेलचा वास येतोय. वैजू त्याच कडेला बसलीय, पण आता अंगावर दवाखान्याची पातळ चादर आहे. ही चादर गजराबाईला चांगली ओळखू येते.

"तू थंडी वाजतीय म्हणत हुतीस," ती म्हणते. "घरातनं वाकळ आण म्हणालीस. मी म्हणाले, उद्या आणते. गाडी चुकंल म्हणून घाई केली मी. आन् उद्याला तू न्हवतीस."

"मला ठाव हाय."

"तीन वरसं झाली, एक दिस इसरले न्हाई."

"मग तिला कशाला उद्या म्हणतीस?"

जे कुणाला सांगितलं नाही ते गजराबाई लेकीला सांगते. "तुझी म्हणून एक चिंधी ठेवली न्हाई मी. समदी हिच्यात घातली. ही वाकळ गेली, पोरगी गेली, की माझ्यापाशी काय ऱ्हातंय? ती गेली की तू जाशील."

"मी गेलीय, आये."

"ठाव हाय मला."

"तुला ठाव हाय. तिला कुठं ठाव हाय?" वैजू चादर अंगाभोवती ओढते. "रोज इचारती, आई झाली का. रोज तू न्हाई म्हणतीस. लेकराला वाटतंय, मी आजून यायची हाय."

हे मात्र गजराबाईला कधी सुचलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून रडते, आवाज न करता, नात उठेल म्हणून. बोळात पंख्याची कुरकुर ऐकू येतेय. वैजू हात लांबवते, वाटी उचलते. लहानपणीही वाकळीचा घास हीच पळवायची आणि धपाटे खायची.

"वैजे, तो वाकळीचा हाय."

"अर्धीच खाते," वैजू तोंड भरून म्हणते. "अर्धी तिला." आणि वाटी परत उपडी घालते.

गजराबाई बसल्या जागी जागी होते. मान अवघडलीय, ऊन दारातून आत आलंय, गालाला वाकळीच्या टाक्यांचे वळ उठलेत. वाटी जिथं होती तिथंच उपडी आहे. पोळी शेळीला घालावी म्हणून ती नेहमीसारखी वाटी उचलते.

पोळी अर्धी आहे. चावलेल्या कडेला मधोमध तांदळाएवढं टोक राहिलंय, तुटक्या दाताखाली न सापडलेलं.

तेवढ्यात ईश्वरी उठून बसते आणि मोठी जांभई देते. बारके दात एका रांगेत, सगळे धड. गजराबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघते. पोरीला ती काहीच विचारत नाही.

मग ती पुढं सरकते, उरलेली पोळी फटीत सारते आणि टाका घालते. एकावर एक घालत राहते. डोळे दुखत नाहीत, सुईही सापडलेलीच आहे. ईश्वरी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसते. दारातलं ऊन उतरेपर्यंत वीतभर जागा भरून येते.

"आज्जी, आई झाली का?"

गजराबाई दोरा दातानं तोडते. वाकळ उचलून पोरीच्या खांद्यावरून गुंडाळते, एवढ्या उकाड्यात, आणि तिला कुशीत घेते.

"झाली, बाळा," ती म्हणते. "बाबाला फोन लाव."