तारवाल्या भाऊंचा तळहात

कनेरगाव नाक्यावर रस्ता खोदला की आमच्या दारासमोरची जमिनीखालची काचेची तार हमखास तुटते, आणि ती जोडायला तारवाले भाऊ येतात. बाहेर धूळ असते, म्हणून आमच्या ओसरीत बसतात. तार केसाहून बारीक. ती पुसून, कापून छोट्या मशिनीत जोडतात, आणि जमली की तारेलाच "शाबास!" म्हणतात.

मी दाराआडूनच बघते. एकदा धीर करून विचारलं, "यातून काय जातं, भाऊ?"

"उजेड, ताई. शहरात मोठाल्या मशिनी हायत. एक हिशोब करती, दुसरी ध्यानात ठेवती. जिला जे कमी पडंल, ते ती अशाच तारेनं दुसरीकडून मागून घेती. तुमी शेजारणीकडून विरजण आणता, तसं."

हे मला लगेच समजलं.

कापलेले तुकडे कुणाला टोचू नयेत म्हणून ते चिकटपट्टीवर लावून ठेवतात. परवा एक तुकडा निसटून पडला. माझी नात तिथंच रांगत होती. मी तिला चटकन उचललं. तेवढ्यात फोनवर त्यांचे साहेब ओरडले, "अजून तिथंच काहून बसला?"

"लेकरू रांगून राहिलं इथं, साहेब. तुकडा सापडल्याबिगर मी उठत न्हाई."

टॉर्चच्या उजेडातही तुकडा काही दिसेना. मग त्यांनी हातमोजा काढला आणि उघड्या तळहातानं सगळी फरशी हळूहळू चाचपली.

एकदम थांबले. तळहात उजेडात धरून हसले.

"सापडला, ताई! माझ्याच हातात घुसला. आता सोडा पोरीला खाली."