फक्त गाण्यात लढणारी

टीव्हीवरच्या एका जपानी कार्टूनवरून मी केबलवाल्याशी भांडले होते. घरात अजून त्यावरून माझी टर उडवतात. उडवू देत. माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं. फक्त ते म्हणणं नक्की काय होतं, हे मला आजही धड सांगता येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बारामतीत दोन खोल्यांत राहत होतो. माझे मालक साखर कारखान्यात पाळीवर जायचे आणि मी शेळ्या-बोकडांचा धंदा करायचे. माहेरून आलेल्या एका शेळीवर तो उभा केला होता. त्यात सासरचा पैसा नव्हता, की कुणाची ओळख नव्हती. बावडा, लासुर्णे, पार नरसिंहपूरपर्यंत वस्त्यांवर फिरून मी बोकड हेरायचे, घरी आणून पोसायचे आणि बारामतीच्या नाहीतर इंदापूरच्या बाजारात विकायचे. माझे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. त्यांच्यामागून चालता चालता मी जनावर पाहायला शिकले. कमरेपाशी कण्यावर अंगठा टेकवला की बोकडाच्या अंगात मांस किती आणि पाणी पाजून फुगवलेलं पोट किती, हे मला कळतं.

पण विकताना माझा हात चालत नव्हता. आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात. हजार धरूनच चालायचं. वर किती शेकडे ते बोटं धरून सांगायचं, आणि बोटाचं टोक दाबलं तर अजून अर्धा शेकडा. भोवतीच्या लोकांना हलणारा रुमाल दिसतो, बाकी काही नाही. हात बाहेर आला की सौदा पक्का. मग ब्र काढायचा नाही. आता परक्या बाप्यानं परक्या बाईचा हात भर बाजारात रुमालाखाली धरायचा, हे कसं जमायचं? म्हणून रुमालात हात माझ्या धाकट्या दिराचा असायचा आणि मी मागं काठी घेऊन उभी राहायचे. भाव तो पाठीमागच्या मोकळ्या हाताच्या बोटांनी मला दाखवायचा. काठी उजव्या हातात असली की त्यानं धरून ठेवायचं. डाव्या हातात घेतली की सौदा सोडून द्यायचा.

बाजारात लोक म्हणायचे, "पोराची नजर लई बारीक हाय." पोराची! बोकडाच्या दाताकडं बघायचं का शेपटीकडं, हे त्या पोराला मी शिकवलं होतं. मी ऐकून घ्यायचे. बोकड विकला जातोय ना, मग नाव कुणाचं का होईना, असं मनाला सांगायचे. मन ऐकायचं नाही.

त्या सुमारास गल्लीत केबल आली आणि माझी मुलगी त्या कार्टूनच्या नादी लागली. ती तेव्हा चौथीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून टीव्हीपुढं बसायची. कार्टून हिंदीत बोलायचं, पण माणसं जपानी. मुख्य होता एक पोरगा. डोक्यावर केसांचा निवडुंग, सारखी भूक लागलेली, आणि जगातला सगळ्यात ताकदवान गडी व्हायचं एवढंच डोक्यात. त्याच्या टोळीत एक मुलगी होती, काठीवाली. तिच्याआधी पोरीला कार्टून आवडायचं नाही. तिच्यामुळं आवडायला लागलं.

मीही चुलीचं बघता बघता एक डोळा तिकडं ठेवायचे. सुरुवातीच्या गाण्यात ती काठीवाली अशी काही फिरायची की बघत राहावं. काठी गरकन फिरली की भोवतीची माणसं आडवी. आणि काठी धरायची तिची पद्धत बरोबर होती. नवखं माणूस मधोमध धरतं. ती खालच्या बाजूला धरायची, माझ्या वडिलांसारखी. चित्र काढणाऱ्यानं कुठंतरी खरा काठीवाला बघितला असणार. पहिल्या काही भागांत तिची सगळी हकीकत सांगितली होती. तिचा गुरू मारला गेलेला, त्याची विद्या जाणणारी ती एकटीच उरलेली, आणि मारणाऱ्याला शोधायची तिनं शपथ घेतलेली. मला वाटलं, हा माल खरा. आता ही पोरगी बाजार मारणार.

पण लढाई लागली की ती मागं. तिचं काम एकच: "सांभाळून!" म्हणून ओरडायचं. नाहीतर निवडुंगाच्या जखमा बांधायच्या. नाहीतर दुश्मनाच्या हाती सापडायचं, म्हणजे निवडुंगाला सोडवायला जाता येईल. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाणं लागलं की पुन्हा काठी गरकन.

"आई, आज ती लढणार."

"कालबी हेच म्हणत व्हतीस."

"पण गाण्यात लढते ना ती!"

"गाण्यात काय. पुढारीबी भाषणात रस्ता करतोय."

पोरगी रुसायची, पण उद्या पुन्हा बसायची. फरशीवर खडूनं तिचं चित्र काढून ठेवायची आणि मी झाडताना पुसलं तर रडायची. मला मात्र एक कोडं सुटायचं नाही, ते धंद्याचं. एखादं जनावर निवडायचं, त्याला हरभरा चारायचा, पेंड चारायची, त्याचं अंग चमकवायचं, आणि बाजारच्या दिवशी गोठ्यातच बांधून ठेवायचं? हा कुठला व्यवहार? लढवायचीच नव्हती तर काठी दिली कशाला, गुरू मारला कशाला? ज्यानं ही गोष्ट रचली तो एवढा हुशार, मग त्याला आपला माल विकायचं कळू नये? का मलाच काही कळत नव्हतं?

आखाडाचा बाजार तोंडावर आला होता. वर्षातली आमची मोठी विक्री ती. माझे बोकड तयार होते. तेव्हा एका सकाळी दीर आला, उंबऱ्यातच उभा राहिला.

"वैनी, ह्या बाजारापासनं माझं मी बघतो म्हणतो."

"काय बघतोस?"

"धंदा. बाजारात नाव माझंच हाय. लोक मला वळखत्यात."

"आन् नजर कुणाची हाय?"

"नजरंचं काय वैनी," तो म्हणाला, "सौदा तर हातानंच हुतो."

तो गेला. मी हातातली पाटी आपटली. पेंड दारभर झाली. मालक म्हणाले, "जाऊ दे की. तोंडी भावानं इक." तोंडी भाव म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. रुमालाबाहेर, चारचौघांत बोललेला भाव म्हणजे अडलेल्याला टाकलेला तुकडा. एकदा तोंडी भावानं विकलं की पुढच्या बाजारातही व्यापारी तेवढाच तुकडा पुढं करतात. मग माझा धंदा तिथंच संपला असता.

त्याच संध्याकाळी पोरगी नाचत आली. काल पुढच्या भागाची झलक दाखवली होती आणि त्यात काठीवाली गुरूच्या मारेकऱ्यापुढं उभी होती. आज खरोखर तिची लढाई होती. मीही भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले. तिनं काठी उचलली. मारेकरी हसला. ती धावली, आणि पडद्यावर निवडुंगाचं तोंड आलं. तो लांबून बघत होता. त्याचे डोळे, त्याच्या मुठी, त्याला आठवणारं त्याचं लहानपण. मागून नुसते खाडखाड आवाज. पुन्हा लढाईची जागा दिसली तेव्हा काठी मोडून पडली होती, काठीवाली धुळीत पडली होती आणि निवडुंग "आता मी!" म्हणत पुढं निघाला होता.

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. "पण झालं काय? तिनं मारलं का न्हाय त्याला?"

भाकरी करपली होती. मी तवा उतरवला, पोरीला घेतलं आणि तडक केबलवाल्याकडं गेले. माझी खात्री होती, जाहिराती घुसडायला त्यानं मधला तुकडा कापला असणार.

"लढाई कुठाय?" मी विचारलं.

"कसली लढाई, मावशी?"

"काठीवालीची. पैसं पुरं घेतोस आन् कार्टून अर्धं दावतोस व्हय?"

तो आधी घाबरला, मग त्याला समजलं, मग हसायला लागला. "अवो मावशी, आमी काय बी कापत न्हाय. ते वरनंच तसं येतंय. जपानातनं."

"मग जपानवाल्याला सांग की!"

"काय सांगू?"

काय सांगायचं? बाईला लढवा म्हणून? ती हरली असती तरी मला चाललं असतं. मला फक्त बघायचं होतं. दुकानातली माणसं हसत होती. मी पोरीचा हात धरून निघाले.

रस्त्यात पोरगी म्हणाली, "आई, तूपण काठी घेऊन मागंच उभी राहतीस ना?"

ती टोमणा मारत नव्हती. एकदा बाजारात आली होती, तिनं बघितलं होतं, तेवढंच. तरी माझा हात उठला होता. तो कसा थांबला ते मला माहीत नाही.

बाजारच्या दिवशी मी बोकड घेऊन इंदापूरला गेले. पोरगी हट्टानं बरोबर आली. कोपऱ्यात दीर स्वतःची जनावरं घेऊन उभा होता, माझ्याकडं न बघता. आमचा नेहमीचा व्यापारी आला. म्हातारा, डोक्याला जाडजूड पटका. सगळे त्याला तात्या म्हणायचे. त्यानं बोकड चाचपले, खूश झाला, आणि सवयीनं माझ्या आजूबाजूला बाप्या शोधला. बरोबर फक्त पोरगी होती. मी काठी पोरीच्या हातात दिली, रुमाल पसरला आणि त्याखाली हात घातला.

तात्यानं विंचू बघितल्यासारखं केलं. "लेकी, घरातला बाप्या कुठाय?"

"पाळीवर हाय. बोकडं माझी हायती."

"आरं तात्या, धर की," कुणीतरी ओरडलं. "म्हातारी काय म्हनंल म्हणून भ्याला व्हय?" लोक जमले. तात्या लाल झाला. पण बोकडांवरून त्याची नजर हटत नव्हती. शेवटी त्यानं डोक्याचा पटका उतरवला, हाताला मनगटापर्यंत गुंडाळला आणि मग तो गाठोड्यासारखा हात रुमालाखाली सरकवला.

"आता घे. मी परक्या बाईच्या हाताला हात लावला न्हाय, समद्यांनी बघितलंय."

मी त्या गाठोड्यातून बोटं शोधली आणि चार धरली. त्यानं दोन दिली. मी पुन्हा चार. असं बराच वेळ चाललं. मग मला कापडातून तीन बोटं लागली आणि वर टोक दाबल्यासारखं वाटलं. साडेतीन. भाव रास्त होता. मी मान डोलावून हात काढला. दिराच्या बाजूचे दोन-तीन गडी वा वा म्हणाले.

पैसे हातात आले तेव्हा ते तीनच्या हिशेबानं होते.

"तात्या, साडेतीन धरलं व्हतं!"

"तीन, लेकी. टोक म्या दाबलंच न्हाय."

"दाबलं व्हतं! मला लागलं!"

"पटका हाय, चुरगाळला असंल."

मग मी बाजारात जे बोलायचं नसतं ते सगळं बोलले. त्याची अक्कल काढली, त्याचा पटका काढला. माझं सगळं झाल्यावर तात्या म्हणाला, "रुमालात शिरलीस न्हवं? मग रुमालाचा कायदा पाळ. तुझ्या दिरानं कंदी अशी कटकट केली का?"

मी पैसे कमरेला खोचले, कारण कायदा तसाच होता. घरी जाताना एसटीत पोरगी काठी उराशी धरून बसली होती. तिनं विचारलं, "आई, जिंकलीस का?"

मला ठरवता येईना. त्यानं मला फसवलं असेल, तर ते पुरुषासारखं फसवलं. रुमालात तो कुणालाही फसवतो, म्हणजे मी त्यांच्यातली झाले. आणि फसवलं नसेल, कापडच चुकलं असेल, तर ते कापड मी बाई म्हणूनच मध्ये आलं होतं. पहिलं खरं धरलं तर पैसे गेले, पण मान मिळाला. दुसरं धरलं तर तात्या प्रामाणिक, आणि तरी अपमान माझाच. यातलं कशावर चिडायचं, तेही ठरेना.

पुढच्या बाजारात मी रुमाल नेला नाही. जुन्या मलमलीच्या लुगड्याचा, धुऊन धुऊन विरलेला एक तुकडा नेला आणि तात्यापुढं धरला. "पटका डोक्यावरच ऱ्हाऊ दे. हे गुंडाळ."

त्यानं तो चिमटीत धरून बघितला. "हे लईच पातळ हाय, लेकी."

"म्हणूनच आणलंय."

कोपऱ्यातून दीर बघत होता. मग तात्यानं मलमल हाताला गुंडाळली आणि रुमाल स्वतःचा पसरला. ह्या वेळी बोटं स्वच्छ कळली, टोकासकट. भाव चांगला आला, जरा जास्तच चांगला. मागची भरपाई होती, की बोकडच तसे होते, की पातळ कापडाची त्याला लाज वाटली, हे मी विचारलं नाही. रुमालात विचारत नाहीत. त्यानंतर धंद्यातून निघेपर्यंत माझा हात मीच घातला. दीर मात्र लवकरच जनावरं सोडून ट्रॅक्टरच्या कामाला लागला. नजर नव्हती ना.

ते कार्टून पुढं केबलवरून गेलं. मुलगी आता मोठी झाली आहे. जपानी चित्रकथा अजून वाचते, आणि मी विचारलं की सांगते: अजून तसंच आहे, आई, पोरी छान काढतात, त्यांच्या हकिकती छान लिहितात आणि मग बाजूला उभ्या करतात. मी म्हणते, मग वाचतेस कशाला? ती म्हणते, एखादी लढेल म्हणून.

परवा तिनं पुन्हा तो जुना प्रश्न काढला. "पण आई, त्या पहिल्या दिवशी खरं काय झालं? तात्यानं टोक दाबलं होतं की नव्हतं?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "मी तर तिथंच व्हते, रुमालाच्या आत."