ढिगातला जीवखडा

आमच्या गावात कोणाचं काही हरवलं की लोक त्याला शेषरावकडे पाठवायचे आणि पाठवताना हसायचे. कानातलं पडलं, विळा सापडत नाही, बकरी दिसत नाही, जा शेषरावकडे. कारण अख्ख्या बार्शीटाकळी तालुक्यात रोज मान खाली घालून दुसऱ्यांच्या शेतांतून फिरणारा माणूस तो एकटाच. बकरी कधी सापडली नाही. शेषरावला फक्त गोटे सापडायचे.

हा नाद त्याला लागला धरणाचा कालवा खोदला तेव्हा. तेव्हा बाहेरगावचे कोणी शिकलेले गृहस्थ महिनाभर आमच्या मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते. खोदलेल्या मातीतून ते गारेचे, म्हणजे गारगोटीचे, तुकडे वेचायचे आणि शेषराव त्यांना पाणी नेऊन द्यायचा. त्यांनी एक तुकडा त्याच्या हातावर ठेवून सांगितलं की हा आपोआप फुटलेला नाही, माणसाने फोडून त्याची धार काढली आहे, आणि तो माणूस होता तेव्हा ना शेती होती ना लोखंड. ठोका बसतो तिथे दगडाला बारीकसा फुगा येतो, त्यावरून अंगठा फिरवायला शिकवलं. ते गृहस्थ निघून गेले. शेषरावची मान वाकली ती मात्र सरळ झाली नाही.

शेत वखरून झालं आणि ऊन तिरपं असलं की हा निघायचा. वखराच्या एकेका तासातून, एका बांधाच्या धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. काळ्या मातीत गार लांबून चमकते. उचलायचा, थुंकी लावायचा, पँटवर घासायचा आणि सूर्याकडे धरून बघायचा. मला ती थुंकीची किळस यायची आणि मी ती तोंडावर बोलून दाखवायचो. माझं मोटारी रिवाइंड करायचं दुकान त्याच्या गोठ्यासमोरच आहे, त्यामुळे त्याचं हे सगळं कौतुक मला रोज बघावं लागे.

“शेषरावभाऊ, सापडलं का सोनं?” मी विचारायचो.

“सोन्याले धार येते काय बे?” तो म्हणायचा. “हे पाय. वस्तऱ्यावानी आहे. यानं त्याची बायको हरनाचं कातडं सोलत असन.”

“आन् तुमची बायको काय करून राहिली ते पाहा न घरात जाऊन.”

त्याची बायको म्हणजे कौशल्यावहिनी. तिचा या गोट्यांवर मनापासून राग. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले आणि रिकाम्या गोठ्यातल्या गव्हाणी शेषरावने गोट्यांनी भरल्या. एका गव्हाणीत बोटभर लांबीची पाती, दुसऱ्या गव्हाणीत कातडं खरवडायच्या गारा, कोपऱ्यात तेलाच्या पिप्यांमध्ये मुठीएवढ्या हातकुऱ्हाडी. कोणताही गोटा उचलून विचारा, तो कोणाच्या शेतात, कोणत्या कडेला सापडला ते लगेच सांगायचा. निम्मं तो ठोकून देत असावा असा माझा कायमचा संशय होता. पण सांगायचा असा, की ऐकत राहावं वाटे.

त्यांना एकच मुलगा, नितेश. अमरावतीला एका शीतगृहात नोकरीला होता. पोरगा बापासारखा येडा नव्हता, पण बापाचं येड त्याला प्यारं होतं. त्याने फोनवर गोट्यांचे फोटो काढून अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंना दाखवले. रागिणी मॅडम त्यांचं नाव. दसऱ्याच्या सुमारास त्या स्वतः आल्या, जमिनीवर बसून गव्हाणी बघितल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे जपून ठेवा, दिवाळी झाली की मी पेट्या घेऊन येते. कॉलेजात एक दालन करू, दारावर शेषरावांचं नाव लावू. कोणता गोटा कुठला हे तेवढं त्यांच्याकडून टिपून घ्यावं लागेल.

त्या दिवशी कौशल्यावहिनीने पहिल्यांदा गोठ्यात चहा आणून दिला. शेषराव संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसला आणि काही बोललाच नाही. माणूस इतका सुखात होता. मला, खरं सांगतो, हेवा वाटला.

दिवाळीला घरी येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे नितेशची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. ट्रकला मागचा दिवा नव्हता. पोरगा जागीच गेला.

काटेपूर्णा नदीच्या घाटावर आम्ही त्याला नेलं. विधी सांगायला खुशालराव होते. गावातल्या प्रत्येक मयतीला पुढे तेच असतात. मडक्याला भोक पाडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “शेषराव, एक गोटा उचल.”

आमच्याकडे हाच तो जीवखडा. त्याने मडकं फोडायचं, मग गेलेल्याचा जीव त्यात आला असं धरून दहा दिवस त्याला जपायचं, पाणी द्यायचं, आणि दहाव्याला पिंड ठेवून नदीत सोडायचा. घाटावर गोटेच गोटे. पायाखाली येईल तो कोणीही उचलतो.

शेषराव वाकला. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला, अंगठा फिरवला, टाकला. चितेजवळ सगळं गाव उभं, आणि हा वाळूत गोटे निवडतोय. मला इतका संताप आला की ओरडणार होतो. शेवटी त्याने एक मधाच्या रंगाची गार घेतली. कडेला बारीक बारीक टवके काढलेली, धारेची. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं देव जाणे. मला वाटतं, मनात काहीच नव्हतं. हाताची सवय होती. पण साधा गोटा लेकासाठी त्याच्या हाताला उचलवला नाही, हेही खरं असेल.

पांढऱ्या फडक्यात बांधून तो जीवखडा गोठ्याशेजारच्या लिंबाला टांगला. रोज सकाळी शेषराव त्याच्यावर पाणी घालायचा. बाकी दिवसभर ओसरीवर बसून असायचा. गोठ्याकडे फिरकला नाही.

नवव्या दिवशी दुपारी वांदरं आली. दिवाळीच्या सुमाराला ती येतातच, तुरीच्या शेंगा धरल्या की. खायचं असेल असं समजून त्यांनी फडकं ओढलं, फाडलं आणि आतला गोटा टाकून दिला. घरात तेव्हा सगळे पडलेले होते. शेषरावची मोठी बहीण, मोर्शीची मनकर्णाबाई, तेवढी जागी होती. भावाचं घर आवरायला आलेली बाई, ती बसणार कशी? तिने अंगण झाडायला घेतलं, आणि लिंबाखाली तिला मधाच्या रंगाची एक छान गार सापडली. घाटावर निवडलेला जीवखडा तिने पाहिलेला नव्हता. भावाचा जीव की प्राण असलेला गोटा वांदरांनी गोठ्यातून बाहेर टाकला असं वाटून तिने तो पदराने पुसला आणि नेऊन गव्हाणीत टाकला. वरून नीट हात फिरवून गोटे सारखेही केले.

दहाव्याच्या सकाळी शेषराव पाण्याचा तांब्या घेऊन लिंबाखाली गेला आणि तसाच उभा राहिला. फांदीला नुसती गाठ लोंबत होती. आरडाओरडा ऐकून मी दुकान टाकून पळालो. मनकर्णाबाईला सगळा उलगडा झाला तसं तिने जमिनीवर कपाळ आपटायला सुरुवात केली.

“मले काय ठाव रे भगवाना! मले वाटलं तुयाच गोटा हाये, शेषराव!”

तिला धरून बसवलं. शेषराव गोठ्यात शिरला. आम्ही दारात. त्याने पहिली मूठ भरली, हात उघडून पाहिलं. आम्हाला वाटलं आता सापडतो. आयुष्यभर ज्याने हेच केलं त्याला काय अवघड? त्याने ती मूठ खाली ठेवली, दुसरी घेतली. मधाच्या रंगाच्या गारा त्या गव्हाणीत ढिगाने होत्या; आमच्या भागात तोच रंग जास्त. तो बघत राहिला, ठेवत राहिला. ऊन वर आलं. घाटावर न्हावी ताटकळत बसलेला.

शेवटी तो मान हलवत म्हणाला, “नाई ओयखू येत.”

कौशल्यावहिनी दहा दिवसांत कोणाशी बोलली नव्हती. ती पुढे आली.

“गावातल्या साऱ्या वावरातले गोटे ओयखता तुमी. कोन्या धुऱ्यावर सापडला ते सांगता. आन् माह्या लेकराचा येक ओयखू येत नाई?”

त्याने वर पाहिलं नाही.

खुशालराव समजुतीने म्हणाले, “वहिनी, दुसरा गोटा घेऊ. शास्त्रात चालते. मनोभावे घेतला का झालं.”

“आन् ह्या ढिगात जो अडकून राहिला त्याचं काय?” वहिनी म्हणाली. “तो बसन इथंच, ह्या मेल्या गोट्याईत? म्या रोज ह्या दारावरून जाऊ आन् तो आतून हाका मारन? नाई. समदे न्या. समदेच्या समदे नदीत टाका.”

मी म्हणालो, “वहिनी, त्या मॅडम येनार आहेत पेट्या घेऊन. नितेशनंच तं ठरवलं होतं न हे सारं.”

ती माझ्याकडे वळली. “नितेश आहे काय पाहाले?”

मी शेषरावकडे पाहिलं. त्याने नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. एवढ्या वर्षांची पायपीट, एवढे उन्हाळे, लोकांचं हसणं सोसलेलं, आणि आता कुठे कोणीतरी त्याच्या नावाची पाटी लावणार होतं. तो उठला, भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “ट्रॉली बोलवा.”

आम्ही टोपल्यांनी गोटे भरले. पाती, गारा, हातकुऱ्हाडी, सगळं एकात एक. कोणता कुठला हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. घाटावर ट्रॉली रिकामी केली तेव्हा असा आवाज झाला की बसलेला न्हावी दचकून उभा राहिला. त्या ढिगावर खुशालरावांनी पिंड ठेवला. आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. “सुटला, सुटला,” लोक म्हणाले, आणि वहिनी मोठ्याने रडली. त्याआधी ती रडलीच नव्हती.

मग तिने पदराची ओटी केली, तीत गोटे भरले आणि डोहाच्या काठावर जाऊन सोडले. पुन्हा आली, पुन्हा भरले. आम्ही टोपल्या उचलल्या. शेषराव एका बाजूला बसून होता. त्याने एकही टाकला नाही.

दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे रागिणी मॅडम आल्या. गाडीत रिकाम्या पेट्या, कापूस, चिठ्ठ्या. सगळं मलाच सांगावं लागलं, कारण शेषराव ओसरीवरून उठला नाही. त्या गोठ्यात गेल्या, रिकाम्या गव्हाणीच्या काठावर बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. वहिनीपुढे हात जोडून त्या निघून गेल्या. काही वेडंवाकडं बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्यानंतर शेषराव कधी कोणाच्या शेतात फिरताना दिसला नाही. वहिनी मात्र सावरली. घास जाऊ लागला, झोप लागू लागली, संक्रांतीला ती माझ्या बायकोकडे वाणही घेऊन आली. बघून बरं वाटे. पोरगा गेला, पण मार्गी लागला, या एका गोष्टीवर ती उभी होती.

उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या विहिरीवरची मोटार जळाली, म्हणून मी शेतावर गेलो. तो विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडतं त्या दगडी कुंडीच्या काठावर, पाठमोरा बसलेला. माझी चाहूल त्याला लागली नाही. डाव्या हाताच्या तळव्यात काहीतरी होतं आणि अंगठा त्यावरून हळूहळू फिरत होता. मी वाकून पाहिलं. मधाच्या रंगाची गार, कडेला बारीक टवके.

“शेषरावभाऊ, हा तं तोच.”

त्याने दचकून मूठ मिटली. मग मीच आहे हे बघून सैल सोडली.

“पयल्याच मुठीत आला होता,” तो म्हणाला. “मूठ खाली ठेवतानी बोटाईत दाबून धरला.”

“मंग सांगितलं काहून नाई?”

“सांगितलं असतं तं पान्यात टाका लागला असता.”

“आन् बाकीचे? सारे बुडवले तुमी!”

“ते देल्ले न मंग. येवढे देल्ले, येक आपल्याजवय ठुला.” त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ना लाज होती, ना पस्तावा. “त्याले म्या घाटावर निवडून घेतला होता, किशोर. हातचा कसा सोडू?”

मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. त्याचे पाय धरावेसेही वाटत होते. मी यातलं काहीच केलं नाही, कारण तेवढ्यात बांधावरून वहिनी डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन येताना दिसली. त्याने हात खिशात घातला.

तिने आम्हा दोघांना वाढलं. भाकरी, ठेचा, कांदा. मी जेवत नाही म्हणून माझ्यावर रागावली आणि मग स्वतःही पानावर बसत म्हणाली, “खा, किशोरभाऊ. म्या बी खाते आता. तो सुटला म्हनून, नाई तं आमी दोघंबी त्याच्या मागं गेलो असतो.”

“हो,” शेषराव म्हणाला, “सुटला तो.” आणि डावा हात खिशातच ठेवून एकट्या उजव्या हाताने भाकरी मोडायला लागला.